बिघाड ट्रॉम्बोनमध्ये नव्हता

मित्रांनो, मला ट्रॉम्बोन म्हणतात. पितळेची लांब नळी, पुढच्या टोकाला धोत्र्याच्या फुलासारखे उघडे तोंड, मागच्या टोकाला ओठ टेकवायची छोटी वाटी आणि मध्ये पुढे-मागे सरकणारी दुसरी नळी, एवढाच माझा देह. लग्नाच्या बँडमध्ये माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. मी मात्र जमैका बेटावरचा, समुद्रकाठच्या मोरंट बे गावातला. माझी सत्तरी केव्हाच उलटली आहे. अंगावरचा मुलामा गेला आहे आणि तोंडाच्या कडेला एक पोचा आहे. तो पोचा कुणाच्या डोक्यावर आपटून पडला ते मी सांगणार नाही, कारण ते गृहस्थ अजून याच गावात राहतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. त्यातले मला फारसे आठवत नाही. भट्टीची धग आठवते आणि हातोडीचे बारीक ठोके आठवतात. मग काही वर्षे मी एका लष्करी बँडमध्ये होतो. तिथे सगळे एका वेळी श्वास घेत आणि एका वेळी सोडत. त्यांना नवी वाद्ये मिळाली, तेव्हा आम्हा जुन्यांना खोक्यात भरून बोटीवर चढवले. खोके उघडले ते अनाथ मुलांच्या एका वसतिगृहात.

तिथल्या बँडमास्तरांनी मला अकरा वर्षांच्या एका काटकुळ्या मुलाच्या हातात दिले. त्याचे नाव रॅन्सफर्ड पिनॉक. सगळे त्याला रॅनी म्हणत. माझी नळी पूर्ण पुढे ढकलायची तर त्याचा हात पुरत नसे. मग तो कंबरेतून असा काही वाके, की बाकीची मुले हसून लोळत. पण त्याचे ओठ देवाने जणू माझ्यासाठीच घडवले होते. पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्यातून जो सूर काढला, तो लष्करातल्या मिशाळ शिपायांनाही कधी काढता आला नव्हता.

त्याने वसतिगृह सोडले, तेव्हा मास्तरांनी मला त्याच्याबरोबर दिले. तेव्हापासून आम्ही एकत्र आहोत.

मित्रांनो, त्या काळात आमच्या बेटावर एक नवी चाल जन्माला येत होती. पहिली मात्रा मोकळी सोडायची आणि ठोका तिसऱ्या मात्रेवर टाकायचा. ऐकणाऱ्याला वाटते, पायरी चुकली. आणि तोल जाता जाता खालची पायरी पायाला लागते. तेच आमचे रेगे. रॅनीने तीन दोस्त जमवून बँड काढला. ढोलावर कॉर्नेल, ज्याच्या खिशात सदैव बिस्किटे असत म्हणून त्याचे नावच बिस्किट पडले. बास गिटारवर टलक, जो पुढे चर्चचा सेवक झाला आणि डीकन म्हणून ओळखला जाऊ लागला. आणि गायला आयसिल्डा फेसी. आयसीचा गळा गोड आणि जीभ तिखट. दोन्हींना घाबरूनच आम्ही तालमीला वेळेवर पोचत असू.

आमचे एक गाणे फार गाजले. केळ्यांच्या बोटीवर काम करणारा खलाशी नाताळासाठी घरी परततो, त्याचे गाणे. दोन कडव्यांच्या मध्ये आयसी थांबे आणि मी एकटा बोलत असे. बोट धक्क्याला लागताना खलाशाला काय वाटले असेल, ते शब्दांशिवाय सांगायचे. दर डिसेंबरात रेडिओवर ते गाणे लागे. मग बाजारात भाजीवाल्या माझा तुकडा गुणगुणत, शाळेतली पोरे शिट्टीवर वाजवत. रॅनी रस्त्याने निघाला की लोक हाक मारण्याऐवजी त्याच चार मात्रा गुणगुणत. मी तेव्हा रोज पुसला जात असे. माझ्या नळीला दर दोन दिवसांनी तेल मिळे.

पुढे दिवस पालटले. माझा आवाज काढणारी यंत्रे आली. त्यांना तेल लागत नाही आणि ती तालमीला उशीर करत नाहीत. स्टुडिओतून बोलावणी येईनाशी झाली. रॅनीने बंदरावर मालाची नोंद ठेवायची नोकरी धरली. लग्न झाले, मुलगी झाली, पुढे बायको वारली. मी पलंगाखाली गेलो. आधी महिन्यातून एकदा बाहेर येत असे, मग नाताळातच, मग तेही नाही. माझ्या पेटीच्या मखमलीला बुरशी आली आणि तोंडात एका कोळ्याने संसार थाटला. मी रागावलो नाही. पलंगावर झोपलेल्या माणसाचा श्वास मला खालून ऐकू येई. त्या श्वासाची मला सवय होती.

आता खरी गोष्ट सांगतो. ती मागच्याच वर्षीची आहे.

रॅनी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता आणि मुलीकडे, व्हॅलरीकडे राहत होता. उन्हाळ्यात त्याचे वरचे पुढचे चार दात काढावे लागले आणि त्या जागी कवळी आली. जेवणाखाण्याला ती ठीक होती. पण मित्रांनो, माझ्यासारख्या वाद्यात नुसती फुंकर घालून भागत नाही. ओठ थरथरावे लागतात आणि त्या ओठांना मागून दातांचा भक्कम आधार लागतो.

एका सकाळी, व्हॅलरी बाजारात गेलेली पाहून, त्याने मला बाहेर काढले. कोळ्याला हळूच खिडकीबाहेर सोडले आणि परसात नीरफणसाच्या झाडामागे उभे राहून ओठ टेकवले. जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या बोकडाने मोठ्या आपुलकीने उत्तर दिले. रॅनीने पुन्हा प्रयत्न केला. कवळी सटकली आणि माझ्या वाटीवर खट्‌कन आपटली. मग त्याने मला पेटीत ठेवले आणि दोन्ही कड्या लावल्या. एरवी तो एकच लावत असे.

नोव्हेंबरात आयसी आली. पंचाहत्तरीची झाली होती, पण फाटकातूनच ओरडली, "रॅनी! आहेस का गेलास?"

"तू अजून छळायला येतेस, म्हणजे असणार."

खुर्चीत बसून टोपीने वारा घेत तिने सांगितले, "नाताळाच्या आधीचा रविवार, दुपारी तीन वाजता, चर्चच्या हॉलमध्ये. गावातली सगळी म्हातारी माणसं येणार. बिस्किट हो म्हणाला, डीकन हो म्हणाला. खलाशाचं गाणं वाजवायचंय."

मी पलंगाखालून कान टवकारले.

"जमणार नाही, आयसी."

"का? तुझ्या भेटीच्या वेळा भरल्यात वाटतं?"

"ट्रॉम्बोन बिघडलाय. नळी अडकते. जुना झालाय, पितळ सडलंय त्याचं."

मित्रांनो, पितळ सडत नाही. साठ-पासष्ट वर्षांत या माणसाने मला पावसात नेले, बसच्या टपावर बांधले, एकदा समुद्रात पाडले. त्याचे मला काही वाटले नाही. पण त्या दिवशी मला फार लागले. मला तोंड होते आणि बोलता मात्र येत नव्हते.

"बिघडलाय तर दुरुस्त करू," आयसी म्हणाली. "बिस्किटानं आयुष्यभर फ्रिज दुरुस्त केलेत. नळी ती नळीच."

रॅनी नको नको म्हणेपर्यंत माझी पेटी तिच्या हातात होती.

बिस्किटाने मला ओट्यावर जुन्या चादरीवर ठेवले. एकेक भाग सुटा करून कोमट साबणपाण्यात बुडवला, लांब तारेला कापड बांधून नळ्या आतून पुसल्या, शिवणयंत्राचे तेल लावले. किती वर्षांनी माझ्या पोटातून वारा मोकळा गेला म्हणून सांगू! नळी लोण्यातून सुरी फिरावी तशी सरकू लागली. मग त्याने सहज ओठ लावून फुंकले. त्याला वाजवता येत नव्हते, तरी एक सरळ, स्वच्छ सूर निघाला.

बिस्किट थबकला. त्याने मला उलटसुलट करून पाहिले, पुन्हा फुंकले आणि पुन्हा तसाच सूर आला. मग एक बिस्किट तोंडात टाकून तो बराच वेळ समुद्राकडे बघत चघळत राहिला. मला वाटते, त्याला तेव्हाच सगळे कळले.

परत द्यायला आला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "याला भूक लागली होती, दुसरं काही नाही. तेल पाजलंय."

रॅनीने त्याच्यादेखत नळी दोनदा सरकवली. "अजून अडकतेय," तो खाली बघत म्हणाला.

"असेल," बिस्किट म्हणाला. "तालमीला तर ये."

तालीम डीकनच्या ओसरीवर होती. रॅनी जायला तयार नव्हता, तेव्हा व्हॅलरीने माझी पेटी गाडीत टाकली आणि म्हणाली, "डॅडी, तुम्ही वाजवा नाहीतर नुसते बसा. पण चौघांनी एका ओसरीवर बसलेलं मला बघायचंय." डीकनने बासची तार छेडली, बिस्किटाने तिसऱ्या मात्रेवर ठोका टाकला, आयसीने पहिले कडवे म्हटले. माझी जागा आली. रॅनीने मला मांडीवरून उचललेच नाही. बास आणि ढोल रिकाम्या जागेभोवती फिरत राहिले. मग तेही थांबले.

"आता काय?" आयसीने विचारले.

"सांगितलं ना. अडकतोय."

आयसीने मोहरा बिस्किटाकडे वळवला. "तुझ्या हातात दिला तेव्हाच मला कळायला हवं होतं! माझा फ्रिज दुरुस्त केलास तो आजवर रडतोय. हा ट्रॉम्बोन चार पोरांच्या बारशाला वाजलाय, अर्ध्या गावाच्या मयताला वाजलाय, आणि तू शिवणयंत्राचं तेल ओतून त्याची वाट लावलीस! येत नव्हतं तर हात कशाला लावलास?"

बिस्किटाने टोपी काढली. त्याला सगळे ठाऊक होते. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण तो म्हणाला, "चुकलं माझं, आयसी. हात थरथरतात हल्ली."

मित्रांनो, मी तेव्हा रॅनीच्या मांडीवर होतो. त्याच्या बोटांची पकड घट्ट झालेली मला कळली. माझ्यावर आळ घालताना त्याला काही वाटले नव्हते, कारण वस्तू ती वस्तूच. पण बिस्किट त्याचा साठ वर्षांचा दोस्त होता.

"थांब, आयसी," रॅनी म्हणाला. त्याने खिशातून रुमाल काढला, तोंडात हात घातला आणि कवळी काढून रुमालावर, सगळ्यांच्या मधोमध, टेबलावर ठेवली. "बिघाड हा इथं आहे. ट्रॉम्बोनची नळीपण धड आहे आणि बिस्किटाचे हातपण. माझंच तोंड गेलंय. मला सूर लागत नाही." दातांशिवाय त्याचे शब्द बोबडे येत होते. "गावासमोर बोकडासारखं ओरडण्यापेक्षा खोटं बोललेलं बरं वाटलं."

डीकन छताकडे बघत होता. मग आयसीने डोळे पुसले, आणि एकदम चिडून म्हणाली, "एवढंच? अरे मूर्खा, मला वाटलं आम्हीच नकोसे झालो तुला! दोन आठवडे झोप नाही मला."

आणि मग तिचाही बांध फुटला. वरचा सूर तिला आता गाठता येत नाही, म्हणून तिने बाकीच्यांच्या नकळत डीकनला गाणे खालच्या पट्टीत घ्यायला लावले होते. कुणी विचारलेच, तर डीकनच चुकला म्हणून सांगायचे तिने ठरवले होते.

"माझ्यावर ढकलणार होतीस?" डीकन म्हणाला. "मी तर चर्चमधला माणूस!"

"म्हणूनच. तू माफ केलं असतंस."

तेव्हा बिस्किट इतका हसला की त्याच्या खिशातल्या बिस्किटांचा भुगा झाला.

त्या दुपारी त्यांनी रॅनीला काय जमते ते शोधायला घेतले. व्हॅलरीने कवळी चिकटवायची पेस्ट आणली. वरचे सूर तर गेलेच होते. पण खाली, पोटातून येणारे चार सूर सैल ओठांनीही निघत होते. "चार पुष्कळ झाले," डीकन म्हणाला. "मधल्या जागा मी भरतो." आठवडाभर त्यांनी त्या चार सुरांभोवती माझा तुकडा नव्याने बसवला. तो पूर्वीसारखा भरारत नव्हता. एखादा म्हातारा खलाशी कठड्याला धरून जिना उतरावा तसा उतरत होता. मला तो आवडला.

रविवार उजाडला. हॉलबाहेरच्या दगडांना चुना लावला होता, आत रंगीत कागदाच्या माळा होत्या. बर्फ घातलेल्या बादलीत आले-लवंग घातलेले, अंबाडीच्या लाल बोंडांचे सॉरेल सरबत होते आणि दारात मुरवलेल्या फळांचा काळा केक कापून मांडला होता. नाताळाची गार झुळूक खिडक्यांमधून येत होती. ज्यांना चालता येत नव्हते त्यांना गाडीने आणले होते. पहिल्या रांगेत नर्स डॉसन बसल्या होत्या. वय शहाऐंशी. अर्धे गाव त्यांच्या हातावर जन्मलेले.

"रॅनी, गाणं होईपर्यंत केकला तोंड लावू नकोस," आयसीने बजावले होते. "पेस्ट सुटेल."

पण नर्स डॉसननी स्वतःच्या हाताने केकचा तुकडा पुढे केला आणि म्हणाल्या, "घे रे बाळा." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बाळ म्हणणारे आता कोण उरले होते? त्याने खाल्ला.

गाणे सुरू झाले. आयसीचा आवाज पूर्वीसारखा उंच गेला नाही, पण इतका ऊबदार झाला होता की मागच्या रांगेतल्या माणसांनी टोप्या काढल्या. माझी जागा आली. रॅनीने पहिला सूर लावला. चांगला लागला. दुसऱ्या सुराला कवळी सुटली. घोगरा, फाटका आवाज हॉलभर गेला. मागे कुणीतरी फिस्सकन हसले.

रॅनीने मला खाली घेतले. त्याने दाराकडे पाहिले. डीकनने बास थांबवला नाही, बिस्किटाचा ठोका चुकला नाही आणि आयसीने त्याची जागा गाऊन झाकली नाही. तिघे वाट बघत राहिले. रॅनी पाठमोरा झाला, कवळी काढून खिशात टाकली, आणि पुन्हा वळून मला ओठांशी नेले. फुंकर मात्र घातली नाही. त्याने नुसती नळी सरकवली, जुन्या तुकड्यातल्या पहिल्या सुराच्या जागी.

आणि समोरून तो सूर आला. नर्स डॉसन डोळे मिटून गुणगुणत होत्या.

रॅनीने नळी दुसऱ्या सुरावर नेली. या वेळी चार-पाच आवाज आले. तिसऱ्यावर एक रांग आली. मग सगळ्या हॉलला उमगले. पन्नास वर्षे रेडिओवर ऐकलेला तो तुकडा प्रत्येकाला तोंडपाठ होता. रॅनी नळी जिकडे नेईल तिकडे दीडशे आवाज जाऊ लागले. त्याने एका सुरावर मुद्दाम रेंगाळून पाहिले, तेही रेंगाळले. त्याने नळी झपकन मागे ओढली, तेही हसत हसत मागे आले. मागचा तो फिदीफिदी हसणारा सर्वांत मोठ्याने गात होता.

मित्रांनो, माझ्यात अनेकांनी श्वास फुंकला आहे. पण त्या दुपारी माझ्या पोटात वारा नव्हता, आणि इतका भरून मी कधीच वाजलो नव्हतो.

शेवटचा सूर सर्वांत खालचा होता. तिथे रॅनीने एक हात वर केला. हॉल थांबला. मग त्याने उघड्या हिरड्यांवर ओठ ताणून खरोखरची फुंकर घातली. सूर थरथरला, डगमगला आणि मग उभा राहिला. बोट धक्क्याला लागेपर्यंत तो उभा राहिला.

टाळ्या किती झाल्या ते मी सांगत बसणार नाही. नर्स डॉसननी त्याला जवळ बोलावून गालगुच्चा घेतला आणि आणखी एक तुकडा केक दिला. आयसी म्हणाली, "आता खा मेल्या, हवा तेवढा." बिस्किटाने फक्त खांद्यावर हात ठेवला.

गर्दी पांगल्यावर रॅनीने मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर नेले. नळीत साचलेले पाणी काढले, मऊ कापडाने पुसले. इकडेतिकडे कुणी नाही असे बघून तो माझ्या तोंडाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "तुझ्यावर आळ घेतला मी. माफ कर."

आता मी पलंगाखाली नसतो. पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुंटीवर असतो. दर गुरुवारी चौघे ओसरीवर जमतात. निम्मा वेळ भांडतात, निम्मा वेळ वाजवतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही माळ्यावर किंवा पलंगाखाली एखादे जुने वाद्य असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, थोडे तेल द्या. आणि घरातले कुणी म्हातारे माणूस "ते बिघडलंय" असे म्हणाले, तर लगेच विश्वास ठेवू नका आणि लगेच खोटेही पाडू नका. जवळ बसा. काय अजून जमते तेवढे विचारा. त्यांनी वाजवून दाखवले आणि सूर वाकडा लागला, तर खुशाल हसा. पण उठून जाऊ नका.